गोदामाची चाबी

मैत्रिणींनो, आज लाज सोडून लिहितेय.

मी नागपुरात, सीताबर्डीत कापडाच्या दुकानात काम करते. बाथरूम वरच्या गोदामात आहे, पण कुलूपबंद; चाबी मालकांकडे, शेठजींकडे. म्हणून वंदनाताई, रुबिना आणि मी, आम्ही कामाला असलेल्या तिघी दिवसभर पाणीच पीत नाही. लघवीची जळजळ पुन्हा सुरू झाली, तेव्हा डॉक्टर मॅडमनी मोबाईलमध्ये ॲप टाकायला लावलं. पाणी प्यायलं, लघवीला गेलं की नोंद करायची.

आज त्या नोंदी पाहिल्या. रोज दुकानाची वेळ तेवढी कोरी. मी मोबाईल थेट शेठजींसमोर धरला.

ते गडबडले. "हे मले काहून दाखवून राहिली वं?"

"मंग कोणाले दाखवू? डॉक्टर म्हणते, असंच चाललं तर किडनीवर येईन. आम्हाले गोदामाची चाबी द्या."

"उद्या पाहू."

"उद्या नाही शेठजी, आत्ता."

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. मी जागची हलले नाही. वंदनाताई आणि रुबिना येऊन शेजारी उभ्या राहिल्या. शेठजींनी गल्ल्यातून चाबी काढून दिली.

ती आता माझ्या पर्समध्ये आहे. उद्या त्यांनी परत मागितली, तर मी देणार नाही.

तुमच्या कामाच्या जागी काय सोय आहे? नसेल, तर कधी मागून पाहिलंत?