चावरं ऊन

सावलीत सूर्य उगवायचा तो आमच्या शेजारच्या मास्तरांना विचारून, अशी लग्न होऊन त्या गावात आल्यावर महिन्याभरातच माझी खात्री पटली. गावाचं नाव सावली, आणि हा माणूस उभ्या गावाला उन्हात काढायला निघालेला! स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पण चांद्याच्या उन्हाला त्याचं काय? त्या उन्हात मास्तर बिनटोपीचे, बिनछत्रीचे हिंडत. छत्रीवाला दिसला की त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत. शाळेत वर्ग चिंचेखाली भरवायचे आणि झाडाची सावली सरकली तरी पोरांना सरकू द्यायचे नाहीत. उन्हात जांभळ्या रंगाच्या पलीकडे एक न दिसणारं, चावरं ऊन असतं, काचेतून उजेड आत येतो पण ते ऊन बाहेरच अडतं, हे त्यांनी भाजीवालीलाही समजावून सांगितलं होतं. बिचारीने घाबरून दोन वांगी जास्त घातली.

कोणाला पटेना म्हणून त्यांनी वांग्याची रोपं दोन टोपल्यांत लावली, एक उघडी, एक काचेखाली. काचा कुठून आणल्या? तर देवांच्या तसबिरींच्या काढल्या! मास्तरीणबाई रोज उघड्या शंकराच्या तोंडावरची चुलीची काजळी पुसत बसायच्या. उघड्यावरची रोपं बुटकी, जाड पानांची, देठाला जांभळट झाक आलेली झाली. काचेखालची उंच, फिकट आणि लुसलुशीत. मला आपली काचेखालचीच आवडली, आणि मी तसं बोलूनही गेले. मास्तर म्हणाले, "बाई, हे लाडावलं लेकरू हाये. एकदम बाहेर काढा, एका दुपारी मरते. ऊन चावू द्या लागते, रोज थोडं थोडं." त्या दिवसापासून आमच्या तुळशीचा ताबा त्यांच्याकडे गेला. सकाळी ते कुंडी अंगणात ओढत, ते गेले की सासूबाई ती पडवीत ओढत, आणि या ओढाताणीत तुळस मात्र छान फोफावली.

मास्तरांना एकच मुलगी, लहानगी. खाल्लेल्या आंब्याची कोय तिने फुटक्या माठात पुरली होती. कोंब वर आला आणि हिला ताप चढला. मास्तरांनी खिडक्या लावून घेतल्या, झरोक्यात चिंध्या कोंबल्या. अंगणात न्या, अंगणात न्या, म्हणून पोर रडायची ते आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. साऱ्या गावाला उन्हात काढणारा माणूस स्वतःच्या लेकराच्या वेळी वाऱ्याच्या झुळकीला भ्याला. ती गेली. वैनगंगेच्या काठी तिला पुरून आले आणि मास्तरांनी तसबिरींच्या सगळ्या काचा एकमेकींना जोडून त्या कोंबाभोवती पेटी केली. शेळ्या खातील, लू लागेल, म्हणायचे. वर्षभरात आंबा वरच्या काचेला टेकून वाकला. एरवी आंब्याची पालवी कशी तांबूस फुटते, याची पिवळट फुटायची. मास्तरांना हे कळत नव्हतं थोडंच? पण सांगायला कोण जाणार! गावात कोणी हसलंसुद्धा नाही.

मास्तरीणबाई वर्षभर कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. वैशाखात एका सकाळी त्या पेटीजवळ उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी बाहेर न्या म्हने. तुमी नेलं नाई. आता हे तरी बाहेर येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्याकडे आले आणि खाली मान घालून सासूबाईंकडे छत्री मागितली. एरवी सासूबाईंनी केवढं तोंडसुख घेतलं असतं! त्यांनी मुकाट्याने छत्री काढून दिली. मग रोजचा तोच क्रम. पेटी उचलायची, रोपाला सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, ऊन तापलं की त्याच्यावर छत्री धरायची आणि आपण बोडक्या डोक्याने उभं राहायचं. रोज छत्री थोडी उशिरा उघडायची. सगळं शास्त्राप्रमाणे केलं, तरी पानं पांढुरली, कडांनी करपली आणि एकेक करून गळली. शेवटी माठात नुसती काडी उरली, आणि मास्तर काडीवर छत्री धरून बसू लागले. मला त्यांचा रागही यायचा आणि रडूही यायचं. काय करून राह्यले भाऊ, असं एकदा विचारायला गेले आणि तशीच परत आले.

मृग जवळ आला होता. कुंपणापलीकडून त्यांनी मला हाक मारली. काडीच्या टोकाला दोन पानं फुटली होती, नखाएवढी, तांब्याच्या रंगाची.

"लाल फुटलं," मास्तर म्हणाले. "ऊन सोसते आता. जगते."

एवढं बोलून ते माठाशेजारी मातीत बसले आणि मोठ्याने रडले. मुलगी गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. हातातली छत्री कलंडून पडली होती. मास्तरीणबाईंनी ती उचलली आणि त्यांच्या डोक्यावर धरली, आणि मास्तरांनी ती धरू दिली.

पुढे आमची बदली झाली. छत्री तिकडेच राहिली, आणि सासूबाईंनी तिची कधी आठवणसुद्धा काढली नाही.