शून्यावर आलेला काटा

मुडबीहून शारदाक्काच्या भावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कामावर होतो. "अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. त्याला महिना उलटला. मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली पदवीधर, बसवकल्याणच्या कॉलेजातली विज्ञानाची बाई, असं तिच्याबद्दल बरंच छापून आलं. पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ती ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय...

नव्वदीच्या दशकात आम्ही दोघं गुलबर्ग्याला एकाच प्रयोगशाळेत होतो. ती माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढं. थरावर थर असलेले तांब्याच्या ऑक्साइडचे स्फटिक आम्ही भट्टीत बनवायचो. खूप थंड केले की त्यांतले काही विजेला अडवायचंच सोडून देतात. त्यालाच अतिवाहकता म्हणतात. थंड करायचा द्रव नायट्रोजन, कृत्रिम रेतनासाठी तो ठेवणाऱ्या गुरांच्या दवाखान्यातून मागून आणावा लागे. अक्का तिथल्या माणसांशी मेंढरांच्या रोगांवर बोलत बसायची, त्यामुळं आमचा डबा कधी रिकामा परतला नाही.

एका दुपारी नव्या मिश्रणाचा रोध एकदम शून्यावर आला, तोही कुणी ऐकलं नव्हतं इतक्या कमी थंडीत. आमच्या मार्गदर्शक सरांनी लगेच शोधनिबंध लिहायला घेतला. परिषद चार दिवसांवर होती आणि अक्काची शिष्यवृत्ती वाढणं त्यावरच होतं. सगळे खूश होते. ती मात्र स्फटिकाचे थर दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख पुन्हा पुन्हा उलगडून बघायची.

"दत्ता, थर हाईत तसेच हाईत. मग हे शून्य कामून यायलंय?"

 स्फटिकावर चार बारीक तारा चांदीच्या लेपानं चिकटवतात. बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांवर विजेचा दाब मोजायचा. त्या मी जोडल्या होत्या, घाईत, आतल्या दोन तारांची लांबी जास्तच ठेवून. गार होताना वाकून त्या एकमेकींना टेकल्या, तर काटा शून्यच दाखवणार. हे माझ्या ध्यानात आलं होतं. तरी दोन दिवस मी ते पोटात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तिनं त्या तारा काढून स्वतःच्या हातानं नव्या जोडल्या. काटा उतरत गेला आणि शून्याच्या बराच वर थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ती उठली, सरांच्या खोलीत गेली. मी तिच्या मागं. सगळं ऐकून सरांनी हळू आवाजात कन्नडमध्ये विचारलं, पहिल्या तारा कुणी जोडल्या होत्या?  मी तोंड उघडेपर्यंत अक्का बोलून गेली.

"नाने."

मीच.

निबंध मागं घेतला. तिची शिष्यवृत्ती थांबली, दोन महिन्यांत ती शिकवायला निघून गेली. माझी पीएचडी झाली, नोकरी लागली. स्टँडवर तिला सोडायला गेलो तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "अक्का, त्या तारा..."

"ऱ्हाऊ दे. बस सुटायलीय."

पुढं कैक वेळा भेटलो. तिनं विषय काढला नाही, मला धीर झाला नाही.

गेल्या आठवड्यात मुडबीला गेलो. भावानं तिच्या जुन्या वह्या पुढ्यात ठेवल्या. भट्टीचे तास, तापमान, त्या दिवशी हवा दमट होती का, सगळं टिपलेलं. खाडाखोड एकाच पानावर होती. तारा जोडणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव खोडून तिनं स्वतःचं लिहिलं होतं. तिच्या सगळ्या नोंदींत तेवढी एकच खोटी आहे.