आत घेतलेली शिवण

गल्लीतल्या बायका तिला शिवणबाई म्हणत. तिला दुसरं नाव असेल, अशी शंकाही कुणाला येत नसे. पुढच्या खोलीत खिडकीखाली पायाचं मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले ड्रेस आणि मशीनमागे ही. नवऱ्याची नोकरी कधीच सुटली होती आणि तो उंबऱ्यावर बसून साऱ्या देशाचा कारभार बघत असे. घर चालत होतं ते हिच्या पायावर.

चाळिशी उलटली आणि ती बारीक व्हायला लागली. ना पथ्य, ना व्यायाम. ड्रेस खांद्यावरून उतरायला लागल्यावर शिवणबाई दुसरं काय करणार? उलटा केला, दोन्ही बाजूंनी आत टीप मारली, घातला. काही दिवसांनी पुन्हा तेच. आतलं जादा कापड मात्र तिने कधी कापून टाकलं नाही. उद्या अंग भरलं तर उसवता येईल, हा धंद्यातला शहाणपणा.

दुसरी कुठली बाई असती तर तिचे कपडे लोंबले असते. कुणीतरी विचारलं असतं, अगं बाई, तुला झालंय तरी काय? हिचे कपडे कायम अंगावर बेतल्यासारखे. उलट गिऱ्हाइकंच मनातून जळायची.

"वहिनी, खाता तरी काय? आम्हालाही सांगा की," नणंद एकदा म्हणाली.

"तुझ्या भावाची बोलणी! सकाळ-संध्याकाळ."

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता हिने मशीनशेजारची पाण्याची बाटली उचलली आणि एका दमात रिकामी केली.

तहान लागायची ती म्हणे इस्त्रीच्या धगीने. रात्री सारखं उठावं लागायचं ते पाणी फार प्यायल्यामुळे. थकवा कामाचा, आणि सुईचं नेढं कधी दिसायचं कधी नाही, ते वयामुळे. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर तयार. राग येतो तो याचाच, की उत्तरं सगळी पटण्यासारखी होती.

एका गोष्टीला मात्र उत्तर नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही सांगवत नाही अशा जागी खाज सुटायची. थांबायची, पुन्हा यायची. मलम आणायला ती औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार नवऱ्याचा दोस्त.

"बोला वहिनी, काय देऊ?"

तिने डोकेदुखीची गोळी मागितली आणि घरी आली. तेवढं एक कुणा जाणत्या बाईच्या कानावर गेलं असतं, तर तिने हिला रक्त तपासायला नक्की धाडलं असतं. पण बोलायचं कुणाशी? लाजेने जीभ उचललीच नाही.

मग एका संध्याकाळी मुलगी कामावरून आली आणि दारातच थबकली.

"आई! पायाला काय लागलंय? रक्त बघ किती!"

मशीनच्या पायपट्टीवर रक्त होतं. टाचणी तळव्यात पार रुतली होती, कधीपासून कोण जाणे. शिवणबाईने ती उपसून काढली. "काही नाही गं, दुखत पण नाही," ती म्हणाली, आणि तेही खुशीत. चिंधी बांधून पाय पुन्हा पायपट्टीवर ठेवला. जखम भरली नाही. वास यायला लागला, अंगठा काळा पडला, तेव्हा कुठे दवाखाना.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखरेचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं, "मधे वजन कमी झालं होतं का यांचं?"

नवरा पुढे सरसावला. "छे हो! बघा की, कपडे कसे मापात बसलेत."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या बाहीची कड उलटून पाहिली. टिपेच्या आत टीप, तिच्या आत आणखी एक. त्यांनी कड होती तशी खाली सोडली. चोरी पकडली गेल्यासारखी शिवणबाईने मान खाली घातली. खरं तर चोरी तिचीच झाली होती, कित्येक वर्षं, तिच्या डोळ्यांदेखत.

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर गेली तेवढी गेली, आता उरलेली टिकवायची.

घरी इन्शुलिन सुरू झालं तसं अंग पुन्हा भरायला लागलं. ड्रेस काखेत काचू लागला. उसवायला कापड होतंच आत. शिवणबाई खिडकीशी बसली, ड्रेस उलटा केला आणि टीप शोधू लागली. कापडाच्याच रंगाचा दोरा, बारीक टाका, कुणाच्या नजरेला पडू नये इतका सफाईदार. तिच्याही नजरेला पडेना. बोटांनी चाचपलं, तर बोटांनाही कळेना.

"दे आई, मी उसवते."

"नको. कापड फाडशील तू."

नवऱ्याने उंबऱ्यावरून घसा खाकरला. "मी म्हणत होतो... ते मशीन काढून टाकायचं का? नुसती जागा अडते."

मुलीने आईकडे पाहिलं. शिवणबाई नाही म्हणाली नाही. ती टीप शोधत राहिली.