मुखवट्यातला शिंपी

सिनेमा अजून मुका होता तेव्हाची गोष्ट. एका सिनेमा कंपनीत कपडे शिवणारा एक शिंपी होता. त्याची चाल मांजराची. मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नसे. दिग्दर्शकाने ती चाल हेरली आणि रहस्यपटातला काळ्या मुखवट्याचा खुनी त्यालाच केलं. वर शब्द दिला, "शेवटी मुखवटा ओढतात ना, तेव्हा तुझंच तोंड दिसेल."

सासरी त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नसे. मेहुणा तर चारचौघांत त्याला 'काजंबटणं' म्हणायचा. बायकोही हसायची. तिने एकदा नवऱ्याचं तोंड पडद्यावर पाहावं, एवढंच त्याचं मागणं.

मुखवटा त्यानेच शिवला. दिग्दर्शक म्हणाला, "डोळे फार गरीब दिसतात रे तुझे. भोकं बारीक कर."

त्याने केली.

"अजून."

त्याने अजून केली. मग गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर उडी मारताना त्याला कठडाच दिसला नाही.

पाय जन्माचा अधू झाला. कंपनीचं काही अडलं नाही. पडणं कॅमेऱ्यात झकास आलं होतं. मुखवटा ओढायचा प्रसंग तेवढा राहिला होता, त्याला कुणाचंही तोंड चालणार होतं. हे शिंप्याला कळवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा तो कुबडी टेकत बायकोला आणि मेहुण्याला घेऊन गेला. अंधारात बायकोला कोपराने ढोसत राहिला. "हा मी. हासुद्धा मीच." ती डोळे फाडून बघत होती. एकदा तर तिने त्याचा दंड घट्ट धरला.

मुखवटा निघाला. आत दिग्दर्शकाचा गुबगुबीत भाचा.

"भावोजी," मेहुणा मोठ्याने म्हणाला, "एवढे गोरे कधी झालात?"

सगळी रांग हसली. बायकोने हात काढून घेतला.

"तोंड त्याचं आहे. चाल माझी."

"मग दाखवा की चालून!"

शिंपी उठला. बाहेर पडेपर्यंत कुबडी ठकठक वाजत राहिली.

घरी त्याने ट्रंकेतून मुखवटा काढून बायकोपुढे धरला. तिने तो उलटासुलटा केला.

"शिंप्याच्या घरात चिंधी सापडली, त्यात काय मोठं?"

सकाळी तिने त्याचीच घडी करून चुलीवरचं पातेलं उतरवलं. बोट पोळलं तशी मुखवटा नवऱ्याच्या पुढ्यात टाकून म्हणाली, "अहो, एवढी ही भोकं शिवून द्या."

त्याने सुईत दोरा ओवला.