वाट्यांची रक्तपेढी

आमच्या वहिनीला ऑफिसात सगळे ‘का-बाई’ म्हणतात. कुणी काहीही सांगो, तिचं पहिलं उत्तर ‘का?’. घरी तो त्रास आम्ही फुकटात भोगतो.

एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर तिनं एकटीनं लिहिलेलं. नोंदणी, तपासणी, साठा, सगळं एकाच प्रोग्राममध्ये. आता साहेबांना त्याचे सुटे तुकडे हवे होते: प्रत्येक काम स्वतंत्र, एकमेकांना निरोप धाडणारं. निर्णय वहिनीवर सोपवला होता. वर्षानुवर्षांची मेहनत आपल्याच हातानं मोडायची का, या विचारानं तिची झोप उडाली होती.

तिची एक खोड आहे. कुठलीही रचना ती आधी माणसांकडून वठवून घेते. त्या रविवारी दुपारी आम्ही तिच्या तावडीत सापडलो. दादा नोंदणी, आई तपासणी, मी साठा. रक्ताच्या पिशव्या म्हणून स्टीलच्या वाट्या, आणि टोपली म्हणजे पेशंट.

आधी जुना प्रोग्राम: तिघं एकाच टेबलाशी, तिघांत एकच पेन्सिल. वहिनीनं रक्तदात्यांच्या नावांचा असा भडिमार केला की दादा पार गडबडला. पेन्सिल त्याच्याकडेच अडकली. माझ्यापुढे वाट्यांची चळत, पण नोंद लिहिल्याशिवाय एकही देता येईना.

“अहो वहिनी, इथं पेशंट ताटकळलाय!” मी ओरडलो.

“हो भाऊजी, अगदी असंच होतं,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

मग तीन खोल्या, तीन पेन्सिली, आणि चिठ्ठ्यांची ने-आण वहिनीकडे. दादा खुशाल घोळ घालत राहिला, आमचं काही अडलं नाही. मी तर सढळ हातानं वाट्या टोपलीत टाकत होतो. तेवढ्यात आईनं पास करून माझ्याकडे पाठवलेल्या एका वाटीची नोंद पुन्हा तपासली आणि ती बाद ठरवली. तशी चिठ्ठीही लिहिली, पण वहिनी दादाच्या खोलीत गुंतलेली. चिठ्ठी माझ्या हाती पडली तेव्हा वाटी टोपलीत गेली होती.

“अगं, म्हणजे त्या माणसाला ते रक्त चढलं?” आईनं विचारलं. कुणी हसलं नाही. मला खरोखर भीती वाटली.

सोमवारी वहिनीनं साहेबांना सांगून टाकलं, “तपासणी आणि साठा एकत्रच राहतील. बाकीचं माझं सगळं तोडू.”

“तोडणार कोण?” साहेबांनी विचारलं.

“मीच,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणी तोडलेलं मला बघवणार नाही.”