हेल्मेट कुणी घेतलं?

हार्लन टटलचा फोटो गावातल्या खानावळीत चौतीस वर्षं टांगलेला आहे. हातात बर्फ कापायची जुनी करवत आणि तोंडभर हसू. ही करवत म्हणजे डनलॅप आणि मार्शफर्ड या नदीच्या दोन काठांवरच्या, अमेरिकन फुटबॉलच्या एकाच गटात खेळणाऱ्या कॉलेजांची फिरती ढाल. त्या वर्षी हार्लनने शेवटच्या मिनिटाला मार्शफर्डच्या गड्याला असा आडवा केला की करवत डनलॅपला आली. अजून लोक त्याला फुकट कॉफी पाजतात आणि ती धडक त्यालाच रंगवून सांगतात. हार्लन मान डोलावतो. खरं तर त्याला त्यातलं काहीएक आठवत नाही. ना धडक, ना करवत, ना घरी कसा पोचला ते. हे फक्त त्याच्या बायकोला, लोरेटाला ठाऊक. हल्ली तो कामांची चिठ्ठी खिशात ठेवतो आणि खिसा कुठला ते विसरतो.

यंदा त्याच मैदानावर, त्याच मार्शफर्डशी, त्याचा मुलगा ग्रेडी कॉलेजातली शेवटची मॅच खेळत होता. रिवाजाप्रमाणे मॅचआधी आईबाप त्याला मध्ये घेऊन मैदानात चालत गेले. लोरेटा पुढे होऊन फुलं घेत होती, तेवढ्यात ग्रेडी डोळे किलकिले करत बापाला म्हणाला, "मंगळवारी सरावात लागलं थोडं. दोन-दोन दिसतंय. आईला सांगू नकोस हं. डॉक्टरच्या परीक्षेत पास झालोय. तूच शिकवलंस ना!"

हार्लनने शिकवलं होतं खरं. दर ऑगस्टला टीमची डॉक्टर प्रत्येकाची स्मरणशक्ती तपासते, शब्द आठवायला सांगते, आकडे उलटे म्हणायला लावते. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला की ऑगस्टच्या गुणांशी ताडून बघते. हार्लनने पोराला कानमंत्र दिला होता, "ऑगस्टात मुद्दाम चुका कर. मग मार लागला तरी फरक दिसत नाही." मोठा शहाणा! पोराच्या पायावर बापानेच धोंडा पाडून ठेवला होता.

तिसऱ्या सत्रात ग्रेडी धडकला. आवाज वरच्या रांगेपर्यंत आला. तो उठला आणि सरळ मार्शफर्डच्या खेळाडूंत जाऊन उभा राहिला.

"अरे ग्रेडी, सोयरीक जमवतोस की काय तिकडे?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी रांग हसली. हार्लन उठून उभा राहिला.

खाली टीमच्या डॉक्टर प्रुइटने ग्रेडीला बाकावर बसवून प्रश्न विचारले, उत्तरं ऑगस्टच्या कागदाशी ताडली आणि होकारार्थी मान हलवली. ग्रेडी हेल्मेट उचलू लागला.

"टटलचं रक्त आहे, बसतंय कशाला!" शेजारचा म्हातारा बकली खुशीत म्हणाला.

"हार्लन, काय झालं? तोंड का असं पडलंय?" लोरेटाने विचारलं.

तो उत्तर न देता पायऱ्या उतरला आणि कठड्यावरून ओरडला, "डॉक्टर! त्याचे ऑगस्टचे गुण खोटे आहेत. मीच शिकवलं त्याला. सोडू नका त्याला आत!"

डॉक्टरने ग्रेडीच्या हातातून हेल्मेट काढून घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, "टटल, घरभेदी कुठला!" डनलॅप सहा गुणांनी हरलं आणि करवत नदीपार गेली.

लोरेटा गाडी इस्पितळाकडे घेऊन निघाली. मागच्या सीटवर ग्रेडीने विचारलं, "माझं हेल्मेट कुणी घेतलं?"

"डॉक्टरने. मी सांगितलं तिला."

"तू? माझी शेवटची मॅच होती! तोंड बघणार नाही तुझं पुन्हा." त्याने रडत खिडकीकडे मान वळवली.

दोन मैल गेल्यावर तो वळला. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. "बाबा, माझं हेल्मेट कुणी घेतलं?"

हार्लनने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच ऐकून घेतलं. मग खिशातली चिठ्ठी शोधून काढली आणि तिच्यावर लिहिलं, 'हेल्मेट मी काढायला लावलं.' उद्या आपणच विसरलो तर पोराला सांगायचं कुणी?

"बाबा," मागून आवाज आला, "माझं हेल्मेट कुठंय?"