बांगड्यांच्या खोक्यातल्या पदव्या

आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात मी नेहमी ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच लिहिते. सचिव आहे ना! खरं काय घडलं ते चहाच्या वेळी निघतं, आणि तेही सगळं पार पडल्यावर. असे किस्से आता इतके साठलेत की एका चहात भागत नाही.

मंडळ म्हणजे साताऱ्यातल्या आम्ही दहा-अकरा पदवीधर बायका. लेटरहेडवर पृथ्वीचा गोल आहे, कारण विद्यापीठात शिकलेल्या बायकांच्या एका जागतिक संघटनेची आम्ही शाखा. बैठक मात्र हसीना मॅडमच्या घरी, त्यांच्या मिस्टरांच्या, रफीकभाईंच्या, बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीत. एखादी मुलगी पुढं शिकते म्हणाली आणि घरात कुरबुर सुरू झाली, की तिची मूळ प्रमाणपत्रं आम्ही ठेवून घेतो. घरी ती ‘हरवतात’. काही चुलीत हरवतात.

या मंडळातली सगळ्यात भित्री मी, शाळेत पोरांना शिकवते तरी. आधीच सांगून ठेवते.

*

एकदा त्या जागतिक संघटनेच्या ऑनलाइन बैठकीत परदेशातल्या एका बाईंनी विचारलं, की मुलींची कागदपत्रं सुरक्षित ठेवायची तुमची पद्धत काय? कुणी लॉकर सांगितलं, कुणी पासवर्ड. आमच्या अध्यक्ष प्रभाताई, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "बांगड्यांचे खोके. सगळ्यात मोठ्या मापाचे. त्या मापाला गिऱ्हाईक कमी!"

बाईंनी ते चक्क लिहून घेतलं.

*

अश्विनी आम्हाला कोयनानगरला भेटली. परदेशी शिष्यवृत्त्यांची माहिती द्यायला आम्ही तिथं गेलो होतो. घाटातल्या वळणांनी मी आधीच अर्धमेली झाले होते. प्रभाताई बोलायला उभ्या राहिल्या आणि जमीन हलली. खिडक्यांची तावदानं खडखडली, पंखा झुलायला लागला. सगळ्यांच्या आधी मैदानात कोण पोचलं असेल? मी!

सगळ्यात शेवटी एक मुलगी बाहेर आली, छातीशी फाइल धरून. मी तिच्यावर ओरडलेच, "अगं, जीव मोठा की फाइल?"

"मॅडम, झेरॉक्स न्हाईत माझ्याकडं," ती म्हणाली.

प्रभाताई माझ्या कानात पुटपुटल्या, "हिला पाठवायची."

*

अश्विनी कोरेगाव तालुक्यातली, कोयनानगरला खास आमचं ऐकायला आलेली. वडील निवृत्त सुभेदार, घरचा ऊस, घरात शब्द फक्त त्यांचा. पोरीला शिष्यवृत्ती मिळाली, व्हिसाही लागला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्थळ पक्कं केलं. तिची प्रमाणपत्रं आमच्या खोक्यात आली.

आणि रफीकभाईंनी तो खोका विकला!

कोरेगावच्या एका लग्नघरी नवरीला चुडा भरायला म्हणून पंधरा खोके गेले, त्यात तोही. हसीना मॅडम आणि मी रिक्षा करून सुटलो. त्या लग्नघरात सुभेदारांचं कुणी ओळखीचं निघालं तर? तालुका तो केवढा!

पोचलो तेव्हा खोका उघडलेला होता. हिरव्या बांगड्यांच्या ढिगाऱ्यात नवरी बसली होती आणि अश्विनीची एम.एस्सी.ची पदवी वाचत होती. हसीना मॅडमना पाहून तिनं ती नीट गुंडाळली आणि हातात दिली. आजूबाजूच्या बायका हसत होत्या.

"काकी," ती म्हणाली, "ह्यो खोका मला दोन वर्सं आदी का न्हाई इकला?"

परत येताना रिक्षात हसीना मॅडमनी ती पदवी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

*

त्या दिवसापासून अश्विनीचे कागद माझ्या घरी आले. ‘तुझ्यावर कुणाला संशय येणार नाही,’ हे प्रभाताईंचं कारण. भित्रेपणाचा असाही उपयोग!

लग्नाची तारीख धरल्यावर अश्विनी घरातून निघाली आणि सांगलीला आमच्या एका मैत्रिणीकडं राहिली. चोवीस वर्षांची बाई, स्वतःच्या पायांनी गेली. पण पासपोर्ट तिच्या वडिलांच्या फौजी ट्रंकेत कुलूपबंद. बाकी सगळं असून नसल्यासारखं.

मग सुभेदारांचा प्रभाताईंना फोन आला. स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला. "तुमी कुठं ऱ्हाता ते मला ठाव हाय!"

"बरं झालं," प्रभाताई म्हणाल्या. "कुरिअरवाल्याला काही केल्या सापडत नाही. त्याला जरा सांगाल का?"

फोन ठेवल्यावर आम्ही हसलो. प्रभाताई उठून दाराला आतून कडी लावून आल्या, आणि आमचं हसू आपोआप थांबलं.

*

विमान शुक्रवारी होतं. सुभेदार मंडळातल्या एकेकीचं घर धुंडाळत फिरत होते. मंगळवारी दुपारी तीन वाजता माझं दार कुणीतरी बडवायला लागलं. मी घरात एकटी. खिडकीतून पाहिलं तर गल्लीच्या तोंडाशी सुभेदारांची जीप, आणि दारात अश्विनीची आई, चेहरा थेट लेकीचाच.

"उगडा! न्हाईतर मोडते दार!"

मी कडी काढली. ती आत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"पोरीची कागदं कुठं हायत?"

"माझ्याकडं काही नाही," मी म्हणाले. प्रमाणपत्रं तिच्यापासून हातभर अंतरावर, पोह्यांच्या डब्यामागं होती.

तिनं फळीवरचा तांदळाचा डबा उचलला आणि आपटला. मग दुसरा. तांदूळ घरभर. मी भिंतीला चिकटले. आता ती पोह्यांच्या डब्याकडं वळणार, एवढंच डोक्यात होतं.

"वरडा की, बाई," ती एकदम हळू म्हणाली.

"क... काय?"

"माझ्यावर वरडा. बाईमानसाच्या घरात बाईनंच झडती घ्यावी म्हनून मला धाडलंय त्येंनी. भाईर ऐकू जायला पायजे."

"अहो, असं नका ना करू," मी पुटपुटले.

"वर्गात बी असंच शिकवता व्हय?"

मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तिनं तेवढ्यात पोलक्यातून पासपोर्ट काढून माझ्या हातात कोंबला. तो घामानं ओला झाला होता.

"ट्रंकेची किल्ली करदोड्याला असती त्येंच्या. आंगुळीला तेवडी काडत्यात." तिनं आणखी एक डबा ढकलून दिला. "इमान कवा हाय?"

"शुक्रवारी."

"लय थंडी असती म्हनं तिकडं?"

"हो."

तिनं पदरानं डोळे पुसले, स्वतःचेच केस विस्कटले, दार सताड उघडलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आज सोडते तुमाला! शनवारी परत येनार हाय मी! शनवारपातूर माजी पोरगी हजर केली न्हाई, तर बगाच!"